मागच्या झाकणाची रिंग

४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

तुझी चिठ्ठी वाचनालयातल्या बाईंनी आज सकाळी परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर आणून दिली. आधी आमची खुशाली सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आप्पांची तब्येत ठीक आहे. खाणं चांगलं, झोप चांगली, चिडचिड तर एकदम उत्तम. माझ्याआधी तयार होऊन दाराशी उभे असतात. दुकानात आले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, डोळ्याला भिंग लावतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. भिंगातून रस्त्यावरचं काही दिसत नाही हे त्यांना कळत नाही, की कळूनही सांगत नाहीत, कोण जाणे. काल दिवसभर मला तूच समजून बोलत होते. मी आपली ओ देत राहिले. आणि परवा मात्र सगळं लख्ख आठवत होतं. तू जायच्या दिवशी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, कुठे जातेयस ते सांगितलंस, सगळं. मला म्हणाले, थोरलीला तिकडची दमट हवा मानवते का विचार. म्हणून विचारते. मानवते का?

कामाचं म्हणशील, तर एका जुन्या घड्याळानं माझा पिच्छा पुरवलाय. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी पूर्वी बनवत तसलं, जाडजूड पोलादी. मशीन ठणठणीत आहे. गेलीय ती मागच्या झाकणाखालची रबराची रिंग. आप्पा तिला घड्याळाचं बनियन म्हणायचे, आठवतं? वरून दिसत नाही, पण नसलं की सगळं आत मुरतं. या घड्याळाची रिंग नेहमीसारखी गोल दोऱ्यासारखी नाही. चपटी आहे आणि तिला आतल्या अंगाला बारीक कंगोरा आहे. केसाएवढी जाड निघाली तर झाकणाचे आटे धरत नाहीत, केसाएवढी बारीक निघाली तर पाणी थेट आत. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. सुटे भाग विकणाऱ्या काकांनी कुठूनसं एक जुनं पाकीट शोधून दिलं, तर आतली रिंग चिमट्यात धरताच तिचा भुगा झाला. काका म्हणाले, ‘रबराचं माणसासारखंच असतं, नुसतं बसूनसुद्धा म्हातारं होतं.’ मग त्यांनी वेगवेगळ्या मापांच्या रिंगा पाठवल्या. एकही बसेना.

गिऱ्हाईक मात्र घाई करत नाही. उलट म्हणतं, सावकाश होऊ दे, अस्सल मिळेल तीच बसव, मी थांबेन. आणि खरोखरच थांबतं. रोज संध्याकाळी येऊन बसतं.

जाऊ दे ते. तुला काही विचारायचं होतं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून सुटल्यावर तू एकटीच चालत जातेस का? कुणाची सोबत मिळत असेल तर घे. सकाळची पाळी मिळत असेल तर तीच माग. तिथल्या बायकांनी कुणी एकत्र फोटो काढला तर तू बाजूला हो. आपल्याला काय नटायची हौस नाही, असं सांग. आणि इथल्या फोनवर सध्या फोन करू नकोस. तो बिघडलाय असं समज.

विशेष काही नाही गं. हवा बदलली की मन उगाच धास्तावतं.

उत्तर लगेच पाठव, बाईंच्याच पत्त्यावर. पाकिटाच्या मागे तुझं काहीही लिहू नकोस.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

तू एकच ओळ पाठवलीस: ‘घड्याळ कुणाचं?’

त्याचंच. आप्पांनी तुझ्या लग्नात स्वतःच्या मनगटावरून काढून दिलेलं.

तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून पहिल्या पत्रात गिऱ्हाईक गिऱ्हाईक करत बसले. लिहिताना दर वाक्याला वाटत होतं, आता सांगावं; आणि दर वाक्याला पेन दुसरीकडेच वळत होतं. आता सरळ सांगते.

गेल्या महिन्यात तो आला. मी मान खाली घालून काम करत होते. काउंटरवर घड्याळ ठेवल्याचा आवाज झाला आणि तो आवाज मी ओळखला.  म्हणाला, ‘धाकटे, काच आतून धुरकट होते बघ. मी तर हे पावसातसुद्धा खिशात ठेवतो. पाणी कुठून गेलं कोण जाणे.’ तुझं नावही काढलं नाही. मी तोंडावर अजून भाऊजीच म्हणते, अहो-जाहो करते. जीभ दुसरं काही म्हणायला धजत नाही.

त्याच्यासमोरच मी झाकण उघडलं. जुनी रिंग कडक होऊन फुटली होती, आणि ताई, खोबणीभर पांढरा थर वाळून बसला होता. बोटावर घेऊन ओला केला तर बुळबुळीत लागला. साबण. घरातल्या बादलीतलं साबणाचं पाणी. माणूस हात धुताना घड्याळावर शिंतोडे उडतात, पण शिंतोड्यांनी इतका थर बसत नाही. तो बसतो हात मनगटाच्या वर बुडवून, तिथे तसाच दाबून धरला, की.

तू मला ते सांगितलंस तेव्हा भिंतीकडे बघून सांगितलं होतंस. एका हातानं तुझं डोकं बादलीत खाली धरायचा आणि दुसऱ्या हातानं त्याच हातातल्या घड्याळाच्या काचेभोवतीची कडी फिरवून वेळ लावायचा, असं. त्यानंतर आपण दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्या दिवशी माझ्या बोटाला तो साबण लागला आणि मला मागे जाऊन ओकावं लागलं. परत आले तर तो आप्पांची नखं कापत होता.

होय, नखं. अगदी हळुवार, एकेक बोट धरून. आप्पा लेकरासारखे हात पुढे करून बसले होते. समोरच्या शिंपीणबाई दारावरून जाता जाता मला म्हणाल्या, असा जावई शोधून सापडायचा नाही.

तेव्हापासून रोज येतो. विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्यात त्याचं आयुष्य गेलंय, तुला मी काय सांगू. तो कधी प्रश्न विचारत नाही. मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलतो आणि समोरचा दुरुस्त करील म्हणून वाट बघतो. परवा मला म्हणाला, ‘तुझ्या ताईला शिवणकामाचा कारखाना झेपत नसेल, तिची पाठ दुखते.’ मी म्हटलं, मला काही माहीत नाही. मग आप्पांकडे वळून तेच. आप्पांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, चुकीचं ऐकलं की त्यांना राहवत नाही. सुदैवानं त्या दिवशी त्यांना तू अजून शाळेत आहेस असं वाटत होतं.

एकदा माझा फोन मागितला, त्याचा बंद पडलाय म्हणाला. दिला. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. बोलून झाल्यावरही बराच वेळ हातात घेऊन बसला होता. म्हणून तुला फोन करू नकोस म्हटलं.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगते. रिंग मिळालीय, ताई. काकांनी डोकं चालवलं. त्या बंद पडलेल्या कंपनीनं हीच पेटी, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं पोलादी कवच, दुसऱ्या एका कंपनीलाही बनवून दिली होती, नाव वेगळं, पेटी तीच. त्या दुसरीच्या रिंगा अजून कुणीतरी नव्यानं पाडतं. त्यातली एक आली. खोबणीत ठेवली आणि आपोआप बसली, जणू तिथेच जन्मली होती. मी ती परत काढली आणि सुयांच्या डबीत लपवली. त्याला सांगितलं, अजून शोधतेय.

का, ते मलाही नीट सांगता येत नाही. पण तो माझ्या समोरच्या स्टुलावर बसलेला असतो तोवर तो तुझ्या रस्त्यावर नसतो. संध्याकाळी त्याला आत येताना बघून उठून पळावंसं वाटतं, आणि यायला उशीर झाला की त्याहून जास्त भीती वाटते. मग मी दारात जाऊन वाट बघते. लोकांना वाटत असेल, केवढं प्रेम.

पण तो आप्पांच्या शेजारी बसतो. आप्पांना कधी काय आठवेल, सांगता येत नाही. तूच सांग, काय करू? घड्याळ देऊन टाकू, की अजून थांबवू? माझं डोकं चालत नाही. परवा एका बाईच्या घड्याळाचे काटे मी उलटे बसवून दिले. ती भली, हसली.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

फोनवर मी ‘तिथून आत्ताच्या आत्ता निघ’ एवढंच म्हणाले आणि तू ‘का’ असंसुद्धा विचारलं नाहीस. पोचल्याचं कळवताना फक्त ‘मावशींकडे आहे’ म्हणालीस. तुझ्या स्वयंपाकघरातल्या त्या मावशींना माझ्याकडून सांग, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. आता सगळं क्रमानं लिहिते. फोनवर बोलायला गेले तर रडेन, आणि आप्पा ऐकत असतात.

तू लिहिलं होतंस, घड्याळ देऊन टाक आणि त्याला आप्पांपासून लांब कर. शनिवारी मी तेच ठरवलं. तो आला तशी म्हणाले, रिंग मिळाली, आत्ता बसवून देते. त्याचा चेहरा पडला. त्याला घड्याळ नकोच होतं, बसायला जागा हवी होती. तरी म्हणाला, ‘वा. बसव की.’

खोबण मी आधीच घासून साफ केली होती. तो थर मात्र खरवडून कागदात बांधून ठेवलाय. रिंगेला ग्रीसचं बोट लावलं, बसवली, झाकण फिरवलं. घाईत अवजार दोनदा घसरलं आणि पोलादावर ओरखडा उठला. मग आप्पांच्या पद्धतीनं तपासायचं होतं: घड्याळ दिव्याखाली कोमट करायचं आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. आत ओल असेल तर थेंबाखाली काच आतून धुरकटते. पाणी आणायला मी मागे गेले.

नळ सुरू केला आणि त्याचा आवाज ऐकला. ‘थोरली उत्तरेकडे डोंगरात गेली ते बरं केलं, आप्पा. कोरडी हवा तिला मानवते.’

मी नळ बंद केला. धावले. पण आप्पांचं वाक्य माझ्या आधी पोचलं.

‘छे छे, डोंगरात कुठली. ती बंदराच्या गावी आहे. रुग्णालयात स्वयंपाक करते. तिथली हवा दमट.’

मी दारात भांडं घेऊन उभी. तो माझ्याकडे बघून हसला, ताई. रागानं नाही, एखादं अवघड गणित सुटल्यावर माणूस हसतो तसा. म्हणाला, ‘कोरडी हवा म्हणालो आणि काम झालं.’ आप्पा त्याच्याकडे बघून आनंदानं मान डोलावत होते. आपण कुणाचंतरी बरोबर करून दिलं याचा आनंद.

मी जाऊन टेबलाशी बसले. दुसरं काय करणार होते? थेंब ठेवला. काच स्वच्छ राहिली. त्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, ‘मग आधी पाणी गेलं कुठून, ते काही कळलं?’

गप्प बसायचं असंच मी ठरवलं होतं. पण ज्याच्यासाठी गप्प राहायचं ते तर त्याला कळलंच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘साबणाचं पाणी होतं, भाऊजी. बादलीतलं.’

त्याचं हसू तिथेच थांबलं. दुकानात एवढी घड्याळं, एकाचीही टिकटिक मला ऐकू आली नाही.  त्यानं घड्याळ घ्यायला हात पुढे केला, तर टेबलावर घड्याळच नव्हतं. आप्पांनी उचललं होतं. सवयीनं गं. काम झालं की शेवटची नजर त्यांची असायची ना, तशी. भिंग लावून ते मागचं झाकण बघत होते. ओरखडा पाहून माझ्याकडे नाराजीनं बघितलं. मग म्हणाले, ‘हे मी थोरलीच्या नवऱ्याला दिलं होतं. त्याचं त्यालाच देईन.’

‘मीच तो, आप्पा,’ तो म्हणाला.

आप्पांनी डोळ्याचं भिंग न काढताच मान वर करून त्याच्याकडे बघितलं. 

‘नाही,’ ते म्हणाले. ‘तो भला माणूस आहे.’

त्यांनी घड्याळ मुठीत धरून छातीशी घेतलं. मग त्यानं आप्पांचं मनगट धरलं. आवाज अजिबात चढवला नाही. ‘द्या बघू, आप्पा, हट्ट करू नये,’ असं म्हणत, नखं कापताना बोलायचा त्याच सुरात, तो हात पिरगळत होता. आप्पांचं तोंड उघडं पडलं, पण त्यातून आवाज येत नव्हता. मी त्याच्या दंडाला लटकले. भिंतीला लटकल्यासारखं वाटलं. त्याला मी जाणवतसुद्धा नव्हते. मला कळलं, तुला कसं वाटत असेल ते.

‘त्यांचा हात सोडा.’

दारात वाचनालयातल्या बाई होत्या. माझ्याकडून पत्र न्यायला आल्या होत्या. वाचनकक्षात कुणी कुजबुजलं तर ज्या आवाजात गप्प करतात त्याच आवाजात म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, तेव्हा समोरच्या शिंपीणबाई बाहेर आल्या, त्यांच्या मागून आणखी दोघं. त्यानं हात सोडला. शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. ‘म्हाताऱ्या माणसाला समजवावं लागतं,’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. घड्याळ न घेता.

मग मी तुला फोन केला. बाईंच्या फोनवरून.

आप्पांच्या मनगटाचं हाड मोडलेलं नाही, पण सूज कोपरापर्यंत आली होती. डॉक्टरांनी दाखल्यात कारण स्पष्ट लिहिलं, बाई आणि शिंपीणबाई दोघींनी चौकीत जबाब दिला. मी ती कागदाची पुडीही पुढे केली. तिथले साहेब म्हणाले, ‘बाई, साबण कुणाच्या घरी नसतो?’ खरंच आहे. त्या साबणाचं बोलणारं माणूस एकच आहे, आणि ते तू आहेस. आम्ही एका वकीलबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, आप्पांची तक्रार आहे तर आता तुझं म्हणणं हवेत जाणार नाही, पण ते तुला स्वतः सांगावं लागेल, त्याच्यासमोर. तुझ्या वतीनं मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तू ठरवशील ते. तू नाही म्हणालीस तर आपण तिघं आणखी कुठेतरी जाऊ, दुकान काय, कुठेही थाटता येतं.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. पहिल्या पत्रासारखं पुन्हा नाही. चौकीतून त्याला बोलावणं गेलं, तर तो घरी नाही. शनिवारपासून कचेरीतही गेलेला नाही. इतके दिवस तो माझ्यासमोर बसायचा म्हणून मी मरत होते, आता तो कुठे आहे हे ठाऊक नाही म्हणून मरतेय. रस्त्यावर कुणी खाकरलं तरी मी अवजार टाकून उठते. तुझी खोली त्याला सापडली असेल असं समजूनच वाग. तिथे कपडे आणायलासुद्धा जाऊ नकोस. कामावर मावशी असतील तरच जा, नाहीतर रजा टाक.

दुकान बंद केलंय. बाईंनी किल्ली ठेवून घेतली. आप्पांना घेऊन मी उद्या दुपारच्या गाडीनं निघतेय. हे पत्र मावशींच्या पत्त्यावर हातोहात पोचतं करायची सोय बाईंनी केली आहे, म्हणजे आमच्या आधी तुझ्या हातात पडेल. आप्पांनी घड्याळ चांगल्या हातात घातलंय आणि काढू देत नाहीत. मी म्हटलं, आप्पा, ते परत द्यायचंय ना? तर म्हणाले, मालक येईपर्यंत सांभाळतो. जावयाची वाट बघताहेत अजून.  त्यांना तू दिसलीस की ते काय बोलतील, कुणास ठाऊक. तुला ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझी हवा मात्र त्यांच्या पक्की लक्षात आहे.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोचू. दार मी वाजवणार नाही, बाहेरून हाक मारीन. कुणीही दार वाजवलं, कितीही गोड आवाजात काहीही सांगितलं, माझं नाव सांगितलं, आप्पांना बरं नाही म्हणून सांगितलं, तरी उठू नकोस. माझा आवाज नीट ओळखल्याशिवाय कडी काढू नकोस, ताई.

येतेय.

तुझी धाकटी